चौसष्ट पावलं

हा किस्सा मी आजवर किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितला, शाळेच्या सहलीत सांगितला, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितला. लोक पोट धरून हसायचे. दरवेळी मी त्यातलं एक वाक्य गाळत होतो. ते वाक्य कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणूनच बहुधा बाकीचं एवढं रंगवून सांगत होतो.

मागच्या दिवाळीत नातीला सांगितला. ती हसली नाही. ज्या मुलांना आणि मोठ्या माणसांना ऑटिझम आहे, त्यांच्यासाठी ती काम करते. तिने विचारलं, "आबा, अडतीस दिवस मोजून मोजून चालायला शिकलेला माणूस त्या दिवशीच कसा चुकेल?"

साठ वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी औषधाची वेळ झाली म्हणून उठलो. आता नव्वदी आली आहे. यापुढे उठून जायला फारशा जागा उरलेल्या नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

अमरावतीच्या एका खासगी शाळेत मी ड्रिल मास्तर होतो. नवा होतो, नेमणूक तात्पुरती होती. गावाला तेव्हा व्यायामाचं वेड होतं. पोरगं चालायला लागलं की त्याला आखाड्याची वाट दाखवत. मल्लखांब, लेझीम, लाठी यांपैकी काहीच न येणारा माणूस म्हणजे काहीतरी कमी असलेला माणूस, असं आम्ही बिनदिक्कत मानत होतो. अशा गावात, अशा शाळेत, या किश्शातले मास्तर भूमिती शिकवायला होते.

वय पस्तिशीचं, अंगाने उंच. चालताना प्रत्येक पाऊल आधी विचारून घेतल्यासारखं पडायचं. हात मात्र खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखे बाजूला लोंबत राहायचे. मुलांचा चेंडू त्यांच्या अंगावर आला तर तो छातीवर आपटून, खाली पडून, दोन टप्पे घेऊन थांबायचा, तेव्हा कुठे त्यांचे दोन्ही हात झेलायला वर यायचे. अक्षर असं की स्वतःलाही वाचायला वेळ लागे. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कानाकडे बघत. आमचे हेडमास्तर म्हणायचे, "यांच्याशी बोलताना आपला कान धुतलेला आहे ना, अशी शंका येते."

हेडमास्तरांचा त्यांच्यावर राग होता, आणि त्याला कारणही होतं. एका पालकसभेनंतर हेडमास्तरांनी सर्वांसमोर विचारलं, "कसं काय झालं भाषण?" आम्ही सगळे "वा, वा" म्हणालो. हे म्हणाले, "आपण सत्तेचाळीस मिनिटं बोललात. विषय नऊ मिनिटांचा होता." त्यात कुचकेपणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

वर्गात मात्र त्यांच्याइतका चांगला भूमितीचा शिक्षक मी पाहिला नाही. हाताने वर्तुळ कधी जमत नसे. खडूला दोरी बांधून काढायचे आणि पोरं खिदळली की शांतपणे म्हणायचे, "माझा हात वर्तुळ काढत नाही. दोरी काढते. तुम्ही दोरीकडे पाहा." पोरं दोरीकडे पाहायची, आणि त्रिज्या म्हणजे काय हे त्यांना जन्मभर विसरता यायचं नाही.

त्यांच्या खिशात निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक वही असे. एकदा त्यांनीच मला दाखवली. बुटाची नाडी बांधणे: नऊ क्रिया. सदऱ्याचं गळ्याचं बटण: सहा क्रिया, आरसा नको. शाळेचा जिना: एकोणीस पायऱ्या, बारावी आखूड आहे. संत्रं सोलणे: अकरा क्रिया. आणि एका पानावर, भरलेला कप उचलणे: प्रयत्न करू नये.

हे शेवटचं ते कसोशीने पाळत. आमचा शिपाई किसन मधल्या सुट्टीत चहा आणायचा. ते रोज त्याला म्हणायचे, "वरचा अर्धा तुम्ही प्या. खालचा मला द्या."

"बाप्पा! वरचा न् खालचा चहा काय येगळा रायते का, मास्तर?"

"वरचा सांडतो."

किसनला रोज अर्धा कप चहा फुकट मिळायचा, त्यामुळे शाळेत त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर किसन पहिला भांडायला उठे.

मी वही बघून हसलो होतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ड्रिल मास्तर, तुम्हाला जे आपोआप येतं ते मला पाठ करावं लागतं. पाठ केलेलं मी विसरत नाही, हा फायदा आहे." मला ते कधी नावाने हाक मारत नसत. माझं काम ड्रिलचं, म्हणून मी ड्रिल मास्तर.

त्या वर्षी हेडमास्तरांच्या मनात आलं की सव्वीस जानेवारीला मुलांबरोबर शिक्षकांनीही कवायत करावी. मोठे पाहुणे येणार होते. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी हळूच म्हणालं, "भूमितीवाल्यांना वगळा, नाहीतर पाहुण्यांच्या अंगावर जातील." सगळे हसले. ते खिडकीपाशी संत्रं सोलत होते. अकरावी क्रिया पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेत?"

"अडतीस," मी म्हणालो.

"पुरे आहेत."

रोज सकाळी शाळा भरायच्या आधी मी त्यांना मैदानावर शिकवू लागलो. पहिल्या दिवशीच त्यांनी मला अडवलं. "डावा पाय पुढे जातो तेव्हा हात कोणता पुढे असतो?" मी ड्रिल मास्तर, आणि मला सांगता येईना! चार पावलं चालून बघावं लागलं. ते वहीत लिहून घेत होते. कोपर किती वाकवायचं? वळताना टाच आधी की चवडा? थांबताना वजन कुठल्या पायावर? तोवर मी हजारो वेळा ‘बाएं मुड’ म्हटलं असेल, पण वळणं म्हणजे काय, हे त्या महिन्यात मी पहिल्यांदा पाहिलं.

सुरुवातीला मी चिडायचो. पंचविसाव्या दिवशी त्यांचा हात पहिल्यांदा पायाबरोबर गेला. एकदाच गेला, पुन्हा चुकला. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या आठवड्यात ते न चुकता करायला लागले. कडुनिंबापासून चौसष्ट पावलं सरळ, चुन्याच्या रेघेवर डावीकडे वळण, वीस पावलं, थांबणे, झेंड्याला सलामी. ओठ हलत असायचे, नजर जमिनीवर असायची, पण चाल अशी की माझ्या दहावीच्या पोरांनी शिकावी. मला त्यांचा अभिमान वाटत होता. हेही खरं आहे, आणि किस्सा सांगताना मी हेही गाळत होतो.

सव्वीस जानेवारीला सकाळी हेडमास्तर घाईघाईने आले. मांडव अशा ठिकाणी घातला होता की पाहुण्यांच्या तोंडावर ऊन येत होतं. मांडवाच्या खुर्च्या आणि टेबल झेंड्याच्या जागी घ्यायचं ठरलं, झेंडा बारा पावलं पलीकडे गेला. त्यामुळे वळायची जागा बदलली. मी किसनकडून जुनी रेघ खरडून काढली आणि बारा पावलं पुढे नवी मारून घेतली. मग सगळ्या शिक्षकांना गोळा करून सांगितलं की नव्या रेघेवर वळायचं.

ते त्यात नव्हते; त्यांना मी वेगळं सांगेन, असं बाकीच्यांनी धरलं. इमारतीच्या मागे एकटेच उभे राहून मोजत होते. मला दिसले. सांगायला पाऊल उचललं, तेवढ्यात बिगूल वाजला आणि हेडमास्तरांनी हाक मारली. मी मनात म्हटलं, बाकीचे पुढे जाताना दिसतीलच की त्यांना. ज्याचं अंग दुसऱ्याकडे बघून आपोआप वळतं, त्यालाच असं वाटू शकतं.

हे ते गाळलेलं वाक्य: रेघ मी हलवली, आणि त्यांना सांगितलं नाही.

पुढचा भाग मी फार रंगवून सांगत असे. आज साधाच सांगतो. शिक्षकांची रांग निघाली. चौसष्टाव्या पावलाला, रेघ न शोधता नुसत्या मोजणीवर, ते डावीकडे वळले, एकटेच. शेजारच्या चित्रकला शिक्षकांना त्यांचा धक्का बसला. बाकीची रांग सरळ गेली. त्यांनी जमिनीवरची नजर न काढता वीस पावलं मोजली. अठराव्याला पाहुण्यांचं टेबल आलं. हार, तांब्या, काचेचे पेले खाली पडले. ते अडखळले, पण दोन पावलं शिल्लक होती, ती त्यांनी टेबलाला रेटत पूर्ण केली, थांबले आणि कडक सलामी दिली. झेंड्याच्या जागी पाहुण्यांचं तोंड होतं. पोरं ओरडायला लागली, बँड वाजतच राहिला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले, पाय गुंतले आणि ते पडले.

पाहुणे उठून उभे राहिले. दारूबंदीचे दिवस होते आणि पाहुणे त्या कामातले मोठे पुढारी. म्हणाले, "हे गृहस्थ सकाळी सकाळी घेऊन आलेत की काय?"

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. हेडमास्तर, संस्थेचे दोघं, मी आणि ते. "मी दारू पीत नाही," ते म्हणाले, "मी चहासुद्धा अर्धाच घेतो." संस्थेचे दोघं हसले. मग ते माझ्या कानाकडे बघून म्हणाले, "ड्रिल मास्तर, तुम्ही पाहत होता. माझं कितवं पाऊल चुकलं?"

मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

ते म्हणाले, "मला मैदानावर नेऊन मोजू द्या." हेडमास्तरांनी तमाशा नको म्हणून सांगितलं. आदल्या दिवशीच किसनने मैदान झाडलं होतं. नवी रेघ आणि जुनीची खूण, दोन्ही गेल्या होत्या. मग मला लेखी अभिप्राय मागितला. शारीरिक शिक्षणाचा जाणकार शाळेत मीच होतो. मी लिहिलं: चालण्यात तोल नाही, हातापायांचा मेळ नाही, नजर स्थिर नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्या रोजच तशा असतात, एवढं मात्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग त्या दिवशी नेमकं काय घडलं.

किसन दाराबाहेर उभा होता. मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, रेघ तं आपणच हालवली ना? त्याईले माईत नोतं. सांगून द्या ना."

"तू गप राहा. तुझीही नोकरी आहे."

तो गप राहिला, पण त्यानंतर त्याने मला कधी हातात चहा दिला नाही. टेबलावर ठेवून जायचा.

मास्तरांना राजीनामा द्यायला लावला. माझी नेमणूक जूनमध्ये कायम झाली.

पाच-सहा वर्षं गेली. माझा थोरला भाऊ अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये नोकरीला होता. आई त्याच्याकडे असताना तिला लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. मी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर हातपाय मोकळे करताना मनात येत होतं, जी बाई कधी दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायली नाही, तिला आता भरवावं लागणार.

भावाच्या घरी पोचलो तर आईच्या खाटेशी, जमिनीवर, ते बसले होते. मांडीवर निळी वही होती.

"चार. कोपर गादीवरून उचला. पाच. थांबा, घाई नाही. सहा. चमचा तोंडाकडे नको, हनुवटीकडे आणा."

मी दारात उभा राहिलो. आईने मला पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, तरी बोलली, "आला कारे? बस तिकडं. मधात बोलू नोको, मोजणं चुकते." आणि डाव्या हाताने चमचाभर वरण स्वतः खाल्लं. थोडं सांडलं. मास्तरांनी वहीत खूण केली. "काल निम्मं सांडलं होतं. आज पाव."

मग माझ्या कानाकडे बघत ते म्हणाले, "नमस्कार, ड्रिल मास्तर."

त्यांची कहाणी मला त्यांच्या बहिणीकडून कळली. ताई विधवा होत्या, अकोल्याच्या बाहेर त्यांचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. "आला तवा दोन महिने खोलीतून निंगाला नाई. नुसता आकडे बोलून राह्यला होता," त्या म्हणाल्या. "मंग शेजारच्या माणसाची तीन बोटं जिनात गेली. त्याले गुंडी लावता ये ना, लायन्या पोरावानी रडे. याने त्याले गुंडी लावाले शिकवलं. सहा का आठ आकडे लावून. तवापासून मानसं येतेतच. आता तं दवाखान्यातले डाक्टरबी पाठवतेत."

"पैसे घेतात?"

"कायचे पैसे! लोकं संत्रं देतेत. अन् सायकल शिकला ना बाप्पा, चाळिसाव्या वर्षी! आमच्या आख्ख्या वावरात पडला."

ते शेजारीच बसले होते. त्यांनी वही उघडून दाखवली. सायकल: पडणे एकशे बारा, न पडणे एक. त्याखाली तारखा होत्या आणि हळूहळू ‘न पडणे’ वाढत गेलं होतं. चौकात आले की ते उतरत, सायकल हाताने वळवत आणि पुन्हा चढत. "वळणं अजून पाठ नाही," म्हणाले. रस्त्यातले लोक हसत नसत, वाट देत. घंटी मात्र ते मोठ्या तोऱ्यात वाजवायचे.

मी अकोल्यात बारा दिवस राहिलो. ते रोज त्याच वेळेला यायचे. आई त्यांच्यावर खूश होती. "दुसरे लोक मले कीव करून शिकवतेत रे," ती म्हणायची. "हा मास्तर कीव नाई करत. मले वाटते, त्यालेबी कोणं तरी असंच शिकवलं असन."

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो.

निघायच्या आदल्या दिवशी मी मळ्यात गेलो, तेव्हा ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "एक विचारायचं आहे. ती चौसष्ट पावलं मी अजून मोजतो. मळ्यात जागा आखली आहे. चूक सापडत नाही. तुम्हाला काही आठवतं का?"

मी म्हणालो, "जाऊ द्या मास्तर. जुनी गोष्ट झाली. विसरा आता."

"विसरता येत नाही. पाठ केलेलं आहे." त्यांनी फाटकाची कडी काढली. "त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा मोजतो. मोजणीवर विश्वास राहिला नाही. वेळ दुप्पट लागतो, बाकी काही नाही."

तक्रार नव्हती त्यात. विचारलं, म्हणून सांगितलं, तसंच. त्यांना माझी माफी नकोच होती. त्यांना फक्त एक माहिती हवी होती; रेघ हलल्याचं बाकीच्यांनाही ठाऊक होतं, पण ते त्यांना सांगितलं गेलं नाही, हे जगात किसन सोडून एकट्या मला ठाऊक होतं.

वर्षभराने आई काठी धरून चालायला लागली. तिने मला टोपलीभर संत्री घेऊन मास्तरांकडे पाठवलं. एसटीत बसल्यावर मी तिकिटाच्या मागे त्यांच्याच पद्धतीने लिहिलं. एक: दार वाजवणे. दोन: समोर बसणे. तीन: रेघ मी हलवली होती, असं म्हणणे. तीनच क्रिया होत्या.

पहिल्या दोन झाल्या. ते समोर बसून माझ्या टोपलीतलं संत्रं सोलत होते, आणि मी बघत होतो की ते खरंच सगळं दोनदा करत होते. देठ दोनदा चाचपला. साल काढायच्या आधी बोटं दोनदा मोजली. त्यांनी अर्धं संत्रं मला दिलं आणि म्हणाले, "तुम्ही सात मिनिटं काही बोलला नाहीत. काही सांगायचं असेल तर मला वेळ आहे."

मी म्हणालो, "आई बरी आहे."

"हे तुम्ही आल्याआल्या सांगितलं."

मी उठलो. नंतर माझी बदली, लग्न, मुलं. पुढच्या खेपेला सांगू म्हणता म्हणता भावाचं पत्र आलं की मास्तर गेले, आणि त्यांना पोचवायला असे कितीतरी लोक आले होते, ज्यांनी त्यांच्याकडून पुन्हा जेवायला, गुंडी लावायला, लिहायला शिकून घेतलं होतं.

मागच्या महिन्यात हे सगळं मी नातीला सांगितलं, काहीही न गाळता. तिने मला दोष दिला नाही. म्हणाली, "आबा, लोकांना वाटतं ऑटिझम म्हणजे नजर न देणं आणि कमी बोलणं. हातापायांचं कोणी बघत नाही. सगळ्यांचं असं असतं असं नाही, पण पुष्कळांचा तोल, झेलणं, अक्षर यांत फरक असतो, आणि मोठेपणी तो आपोआप जात नाही. मोठ्या माणसांना तर कोणी शिकवतच नाही. धांदरट म्हणतात आणि सोडून देतात. तुमच्या मास्तरांनी स्वतःच स्वतःला शिकवलं."

आईच्या ट्रंकेत एक कागद होता. तिच्यासाठी त्यांनी लिहून दिलेला, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात: संत्रं सोलणे, एका हाताने, चौदा क्रिया. नातीने तो मोठ्या अक्षरात उतरवून तिच्या केंद्राच्या भिंतीवर लावला. मी बघायला गेलो. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण टेबलाशी बसून ओठ हलवत सोलत होता. चौदावी क्रिया झाली तेव्हा त्याने संत्रं वर धरलं आणि माझ्याकडे नाही, माझ्या कानाकडे बघून हसला. त्याने एकदाच मोजलं होतं.

एसटीचं ते तिकीट माझ्याकडे अजून आहे. शाई फिकट झाली, पण तिसरी ओळ वाचता येते.

मास्तर, तुमचं एकही पाऊल चुकलं नव्हतं. रेघ मी हलवली होती. दोनदा मोजायची गरज नाही.